लेव्हल उलटी फिरवून पाहा

वर्धा आणि आसपासच्या गावांत घरांची, दुरुस्तीची छोटी-मोठी कामं करून घेणं हा माझा धंदा. त्यामुळे "लेव्हल कोणती घ्यावी?" हा प्रश्न मला घर बांधायला काढलेले लोक विचारतात, नवखे मिस्त्री विचारतात आणि निवृत्तीनंतर ज्यांच्या हाती ड्रिल मशीन आलं असे मास्तरही विचारतात. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी नावाऐवजी पद्धत सांगतो, त्यामुळे काहींचा हिरमोड होतो. पण एकाच खोक्यातून निघालेल्या दोन लेव्हल एकाच फरशीवर वेगवेगळी साक्ष देतात, तिथे नाव सांगून काय उपयोग?

१. पैसे देण्याआधी फिरवून पाहा

लेव्हल खरी की खोटी हे ओळखायला दुसरं यंत्र लागत नाही. दुकानाचा काचेचा काउंटर पुरतो, आणि तो सपाटीत असायलाच हवा असंही नाही. लेव्हल काउंटरवर ठेवा. दोन्ही टोकांशी आणि एका बाजूने बारीक खूण करा. मधल्या नळीतला बुडबुडा स्थिर होऊ द्या. समजा तो उजव्या रेघेला टेकून थांबला. आता लेव्हल उचलून टोकांची अदलाबदल करा, म्हणजे उजवं टोक डावीकडे आणि डावं उजवीकडे. खालची कड खालीच राहू द्या आणि लेव्हल नेमकी त्याच खुणांवर ठेवा. ती खरी असेल तर बुडबुडा पुन्हा तुमच्या उजव्या हाताच्याच रेघेला टेकेल. काउंटर त्या बाजूला चढा आहे आणि काउंटर तर जागचा हललेला नाही. बुडबुडा मध्ये आला किंवा डावीकडे पळाला तर खोट लेव्हलच्या पोटात आहे. दोन वेळच्या जागांमध्ये जो फरक दिसतो, त्याच्या निम्मी चूक तिची.

उभ्या कामाची नळी अशीच तपासायची. दुकानाच्या चौकटीला किंवा खांबाला लेव्हल उभी लावा आणि बुडबुडा खांबाकडे किती झुकला ते बघा. मग वरचं टोक वरच ठेवून लेव्हल स्वतःभोवती अर्धी फिरवा आणि दुसरी कड त्याच जागी टेकवा. बुडबुडा पुन्हा खांबाकडे तेवढाच झुकलेला दिसला पाहिजे. बहुतेक जण आडवी नळी तपासतात आणि उभी सोडून देतात. मला तरी उभ्या नळीतच जास्त खोट सापडते.

हे सगळं करताना दुकानदार अस्वस्थ होतो. "काय पाहून राहिले जी? काच सपाटच आहे." "काच नाही, भाऊ, लेव्हल पाहतो. अजून दोन-तीन काढा बरं." लाजू नका. साडी घेताना आपण दहा उलगडायला लावतोच.

२. वर छापलेला आकडा वाचा, आणि त्याचा हिशेब करा

बऱ्या लेव्हलवर किंवा तिच्या वेष्टनावर अचूकता लिहिलेली असते. मीटरला ०.५ मिलिमीटर असं असेल तर बांधकामाला ती उत्तम. मीटरला १ मिलिमीटर असेल तर चालेल, पण सांभाळून. काहीच लिहिलेलं नसेल तर ती वस्तू लेव्हलच्या आकाराची आहे, इतकंच म्हणता येईल.

"एका मिलिमीटरने काय होतं?" असं मिस्त्री विचारतात. बारा फुटांची खोली धरा. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाईल्स एका ओळीत सहा बसतात. प्रत्येक टाईल मागच्या टाईलवरून दोन फुटी लेव्हलने जुळवली आणि लेव्हल दर वेळी एकाच दिशेने धरली, तर मीटरला १ मिलिमीटरची चूक पलीकडच्या भिंतीपाशी साडेतीन मिलिमीटरच्या वर जाते. तिथे दुसऱ्या खोलीची फरशी भेटते आणि उंबऱ्याशी बोट अडखळतं. मी मिस्त्रींना एक सवय लावतो, ती फुकट आहे: लेव्हलच्या एका टोकाला रंगीत टेप गुंडाळायची. एका टाईलला टेप उजवीकडे, पुढच्या टाईलला डावीकडे. चूक एकदा वर जाते, एकदा खाली, आणि शेवटाला बरीचशी फिटते.

कंपन्यांबद्दल एवढंच सांगतो. आपल्या बाजारात टापारिया, फ्रीमन्स, स्टॅनली सहज मिळतात, महाग जर्मन मालही मागवता येतो. नावाजलेल्या कंपनीत खोटी लेव्हल हाती लागण्याचा संभव कमी असतो, आणि लागली तर बदलून मिळण्याची आशा जास्त. फिरवून पाहणं कोणत्याच नावाने चुकत नाही.

३. एकच घ्यायची तर दोन फुटी

नऊ इंची किंवा एक फुटी लेव्हल खिशात मावते म्हणून लोक तीच घेतात. नळाचा ब्रॅकेट, स्विच बोर्ड, कूलरचं स्टँड, वॉशिंग मशीन यांना ती बरी. विदर्भात कूलरचं स्टँड क्षुल्लक समजू नका. टाकी एका अंगाला कलली की वरच्या पन्हाळीतलं पाणी एकाच बाजूला धावतं, अर्धी खस कोरडी राहते आणि लोक मोटरला दोष देतात.

पण जुडाई किंवा छपाईवर एक फुटी लेव्हल फसवते. विटेच्या एखाद्या टेंगळावर ती चढते आणि त्या टेंगळाचीच पातळी सांगते. लांब लेव्हल दोन-तीन विटा ओलांडून सरासरी धरते. चौकट बसवायला चार फुटी उत्तम. ती परवडत नसेल तर दोन फुटी लेव्हल सहा फुटी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठेवून काम भागतं, फक्त पट्टी सरळ हवी. पट्टी डोळ्यासमोर धरून कडेवरून नजर टाका, मधला पोक लगेच दिसतो. साइटवर पट्टीचा पूल करून त्यावरून घमेली नेतात, ती पट्टी मग लेव्हलखाली ठेवू नये.

४. कड बघा, लोहचुंबक नंतर

लेव्हलचं अंग दोन तऱ्हेचं मिळतं. एक आय आकाराची पट्टी, दुसरी चौकोनी पोकळ नळी. चौकोनी अंग पिळलं जात नाही, साइटवरच्या हाणामारीत टिकतं. खालची कड मशीनवर घासून सपाट केलेली असेल तर बोट फिरवताना कळतं, ती रंगाखाली लपलेली नसते. नळी पारदर्शक ठोकळ्यात पक्की बसवलेली असावी, नखाने दाबली तर हलता कामा नये. काही लेव्हलमध्ये नळीला स्क्रू असतो आणि बिघडल्यावर ती जुळवता येते. ज्याला वर सांगितलेली तपासणी जमते त्याने अशी घ्यायला हरकत नाही. ज्याला जमत नाही, त्याच्या घरी तो स्क्रू पोरं फिरवतील.

लोहचुंबकाची लेव्हल वेल्डरला हवी. गेट, ग्रिल, शेडचे अँगल यांना ती चिकटून राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. गवंड्याला तिचा उपयोग शून्य. उलट लोखंडाचा कीस कडेला चिकटतो आणि बुडबुडा खोटं बोलायला लागतो. वाळलेल्या सिमेंटचंही तेच. एका टोकाखाली १ मिलिमीटरचा खडा आला तर दोन फुटी लेव्हलमध्ये मीटरला दीड मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे दुकानात निवडून, पारखून घेतलेली अर्ध्या मिलिमीटरची लेव्हल त्या खड्याने तिपटीने बिघडवली. मिस्त्री लेव्हल ठेवण्याआधी तळहाताने कड पुसतो की नाही, यावरून मला त्याचं निम्मं काम कळतं.

५. हिंगणघाटची कबर

आपल्या जिल्ह्याचा आणि या बुडबुड्याचा एक जुना संबंध आहे. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो दक्षिणेकडून वर सरकत राहिला. नागपूरच्या वाटेवर जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबरही तिथेच आहे. पुढचं काम ज्याने हाती घेतलं तो जॉर्ज एव्हरेस्ट. त्याचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं आणि लॅम्बटन हिंगणघाटकरांनाही फारसा ठाऊक नाही.

१८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून ते थिओडोलाइट भिंतीवर आपटलं आणि त्याच्या वर्तुळाचा आकार बिघडला. लॅम्बटनने स्वतः बसून ते दुरुस्त केलं आणि पुन्हा कामाला लावलं. असं यंत्र टाकून न देता वापरण्याचं धाडस कोणाला होईल? ज्याला त्याची चूक मोजता येते त्यालाच.

थिओडोलाइट केवढंही असो, त्याच्या बैठकीवर शेवटी स्पिरिट लेव्हलच असते. सर्व्हेच्या विद्यार्थ्याला आजही पहिली गोष्ट शिकवतात ती अशी: बुडबुडा मध्ये आणा, यंत्र अर्धं फिरवा. सरकला तर जेवढा सरकला त्याच्या निम्मा नळीच्या स्क्रूने मागे आणा, उरलेला निम्मा बैठकीच्या स्क्रूने. हार्डवेअरच्या काउंटरवर आपण जे करतो तेच हे. हिंगणघाटला कापसाच्या कामाने जाणं होतं माझ्या ओळखीतल्या पुष्कळांचं. वेळ काढून ती कबर पाहून या, असं मी त्यांना सांगतो. कोणी जात नाही, ते सोडा.

६. प्लिंथ आणि खोल्यांसाठी पाण्याचा पाईप

चार भिंती, चार खोल्या, आणि सगळीकडे एकच पातळी न्यायची असेल तर हातातली लेव्हल बाजूला ठेवा. पारदर्शक प्लॅस्टिकचा लेव्हल पाईप घ्या. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, छापील आकडा नाही आणि तो भिंतीच्या पलीकडे, कोपऱ्याआड, अंगणापर्यंत जातो. माझ्या मते घरबांधणीत सर्वांत विश्वासू लेव्हल हीच, आणि सर्वांत स्वस्तही.

पथ्यं मात्र पाळायची. पाणी एका टोकाने, बादली उंचावर ठेवून, सावकाश सोडा. नळाखाली धरून भराभर भरलं की आत हवा अडकते आणि मधला एखादा बुडबुडा दोन्ही टोकांना वेगळी पातळी दाखवतो. भरल्यावर पूर्ण पाईप हातातून सरकवत बघा, हवा दिसली तर टिचक्या मारून वर आणा. मग दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरा. पाणी एकाच रेषेत आलं तरच कामाला लागा. चालताना अंगठ्याने दोन्ही तोंडं बंद करायची, खूण करताना दोन्ही मोकळी. एक जरी बंद राहिलं तरी पाणी खोटं थांबतं. पाईपवर कोणाचा पाय नाही ना, रेजाची पाटी त्यावर ठेवलेली नाही ना, हेही बघा. एक टोक धरायला विश्वासाचा माणूस हवा, कारण "आली का पातळी?" म्हटलं की दुपारच्या उन्हात पोरं "आली, आली" म्हणून मोकळी होतात.

वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. मातीच्या शंकूसारख्या नळ्या एकमेकींत बसवून कमानीचं छत करण्याची पद्धत तिथे पाहायला मिळते. लोखंड नाही, स्लॅब नाही. पण अशी कमान ज्या दोन भिंतींवर उभी राहते त्यांचे माथे एकाच पातळीत हवेत, नाहीतर ती पहिल्या ओळीपासूनच वाकडी चढते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये हातातली लेव्हल पोचत नाही, पाईप पोचतो.

७. मे महिन्यात बुडबुडा लहान होतो

एका नवख्या मुलाने लेव्हल परत आणून दिली होती: "काका, गॅसच कमी झाला याच्यातला." काही कमी झालेलं नव्हतं. नळीत पाणी नसतं. अल्कोहोल किंवा तसाच पातळ द्रव असतो, कारण त्यात बुडबुडा अडत नाही, मोकळा धावतो, आणि तो द्रव थंड मुलखात गोठत नाही. पण अल्कोहोल उष्णतेने पाण्याच्या कितीतरी पट फुगतं. वर्ध्याचा पारा ४५ च्या वर गेला आणि लेव्हल स्लॅबवर उन्हात पडून राहिली की द्रव फुगतो, बुडबुड्याला जागा कमी पडते आणि तो आकसतो. हिवाळ्याच्या सकाळी तोच लांबट दिसतो.

यातून एकच धडा. बुडबुडा एका रेघेला टेकला की काम झालं असं समजू नका. दोन्ही बाजूंना रेघेपर्यंतचं अंतर सारखं आहे का ते बघा. आणि लेव्हल सावलीत ठेवा, तिला आणि तुम्हालाही बरं.

८. उभ्या कामाला ओळंबा

दहा फुटी भिंतीचा उभेपणा दोन फुटी लेव्हलने बघणं म्हणजे पाचव्या भागावरून सगळ्याचा निवाडा करणं. ओळंबा वरपासून खालपर्यंत एकदम बोलतो. दोरीतला लाकडी तुकडा आणि खालचा लोळा एकाच मापाचे हवेत, एवढं घेतानाच तपासा. वाऱ्याने लोळा डुलत असेल तर पाण्याच्या बादलीत बुडवा, शांत होतो.

मातीच्या भिंतींचं गणित वेगळं. सेवाग्रामला बापू कुटी बघा. माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. त्या भिंतीला लेव्हल लावून कोणी मिलिमीटर मोजू नये. हाताने लिंपलेली भिंत हाताइतकीच सरळ असते, आणि तिला तेवढं पुरतं. तोल आणि पाणी निघून जाणं, एवढंच तिथे बघायचं.

९. शून्य सगळीकडे नको

बाथरूम, गच्ची, व्हरांडा, धुण्याची मोरी इथे बुडबुडा मध्ये आला तर काम फसलं. पाणी जाळीकडे गेलं पाहिजे. गच्चीला शंभरास एक उतार साधारण धरतात, बाथरूमला तेवढा किंवा थोडा जास्त. लेव्हलवरच्या जादा रेघांनी उतार मोजता येतो, पण त्याहून सोपी युक्ती आहे. दोन फुटी, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या लेव्हलच्या उताराकडच्या टोकाखाली ६ मिलिमीटर जाडीचा तुकडा चिकटपट्टीने लावा. आता बुडबुडा मध्ये आला की शंभरास एक उतार आला. १२ मिलिमीटरचा तुकडा लावला तर पन्नासास एक. तुकडा काम संपल्यावर काढायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच लेव्हलने कोणी खिडकीची पट्टी बसवतो.

१०. काळी जमीन लेव्हलचं ऐकत नाही

आपल्याकडची काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया टाकून बांधलेलं घर दर वर्षी थोडं हलतं. पावसाळ्यात दार अडकतं, मे महिन्यात चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. अशा वेळी घरमालक मिस्त्रीच्या लेव्हलला शिव्या घालतो. लेव्हल बरोबर होती, जमीन सरकली.

हे ठरवायला घराच्या चारी कोपऱ्यांवर प्लिंथवर पाईपने एकच पातळी आखून ठेवा, पक्क्या रंगाने. पुढच्या मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा पाईप लावा. रेघा एकमेकींपासून सरकल्या तर दोष पायाचा आहे, आणि मग प्लास्टर भरून उपयोग नाही, इंजिनियरला बोलवा. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठीच खाली फुगवटा असलेले पाईल विकसित केले. घर बांधण्याआधी ही चौकशी करणं स्वस्त पडतं. बांधून झाल्यावर कोणतीही लेव्हल मदतीला येत नाही.

११. लेसर आणि मोबाईल

लेसर लेव्हल फॉल्स सीलिंग आणि टाईल्सवाल्यांना वरदान आहे, यात शंका नाही. स्वस्तातले लेसर बहुधा दहा मीटरला ३ मिलिमीटर इतकी चूक धरून चालतात. उन्हात रेघ दिसत नाही, आणि पडलं की तेही बिघडतं. त्यालाही भिंतीवर खूण करून, फिरवून तपासता येतं. मोबाईलमधली लेव्हल फोटोची फ्रेम टांगायला ठीक. कव्हर काढून, कॅमेऱ्याचा उंचवटा कडेबाहेर ठेवून वापरा. तिच्यावर चौकट बसवू नका.

१२. तर घ्यायचं काय?

घर बांधणाऱ्याने दोन फुटी, चौकोनी अंगाची, घासलेल्या कडेची, मीटरला अर्धा मिलिमीटर लिहिलेली लेव्हल घ्यावी, लोहचुंबकाविना. सोबत दहा-पंधरा मीटर पारदर्शक पाईप आणि एक ओळंबा. घरच्या किरकोळ कामाला वेगळी नऊ इंची चालेल. मिस्त्रीकडे त्याची लेव्हल असतेच, पण प्लिंथ बांधून होण्याआधी एकदा तुमची आणि त्याची शेजारी ठेवून दोन्ही फिरवून बघा. चांगला मिस्त्री याचं वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटून घेणाऱ्याला प्लिंथच्या आधीच ओळखलेलं बरं.

लेव्हल हातातून पडली, उसनी देऊन परत आली, किंवा पावसाळाभर माळ्यावर राहिली, की पुन्हा तपासा. अर्धा मिनिट लागतो.